ऊसगाडी धुरजड (पुढनं जड) होतेय, बैलांच्या खांद्यावर नेमकं वजन किती?

कागलचा गाडीवान: रामराम मंडळी. टायरची बैलगाडी आहे, सीझनला कारखान्याला ऊस ओढतो. यंदा बैलांचे खांदे सुजलेत. वडील म्हणतात माल मागं सरकव. वजन तर तेवढंच राहणार, मग फरक कसा पडंल? माल गाडीसकट 2 टन, आसापासून जूपर्यंत 3 मीटर.

उद्यमनगर फिटर: भावा, वडलांचं ऐक. वजन तेवढंच, पण ते कुणी पेलायचं हे जागेवर ठरतं. गाडी ही तरफच आहे, अडकित्त्यासारखी: टेकू टोकाला, भार मधे, बल दुसऱ्या टोकाला. इथं टेकू म्हणजे आस आणि बल लावतात बैल. आघूर्ण म्हणजे वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर. गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात ती जागा, आसापुढं 30 सेंमी असंल तर 2000 × 30 = 60,000. जू 300 सेंमीवर, म्हणजे तिथं 60,000 भागिले 300 = 200 किलो. एकेका बैलाच्या मानेवर 100! हाच गुरुत्वमध्य 10 सेंमीवर आण, जोडीवर मिळून 67 किलोच येतील. बाकीचं चाकं घेतात. सूज उतरेपर्यंत मात्र जुंपू नकोस.

पन्हाळ्याकडचा: पार आसावर आणू नका हं. उसाचा थर उंच असतोय. गुरुत्वमध्य आसाच्या वर 1 मीटर धरला, तर 20 ला 1 चढावर तो 5 सेंमी मागं जातो, उतारावर तेवढाच पुढं. मग ते 67 चढाला 33 होतात, उताराला 100. सपाटीला 3 सेंमीच पुढं ठेवला असंल तर वाघबिळाच्या चढाला गाडी उलाळणारच. जू वर उचलतं आणि गळ्याखालचा पट्टा बैलांना आवळतो. मुक्या जनावराला ओरडताही येत नाही.

कागलचा गाडीवान: पण गुरुत्वमध्य शोधायचा कसा?

उद्यमनगर फिटर: शोधायलाच नको. सपाटीला गाडी भर, चाकांना पुढनं-मागनं दगड लाव, बैल सोड. जू नेहमीच्या उंचीला राहील असा टेकण काट्यावर उभा कर आणि जू त्यावर टेकव. टेकणाचं वजन वजा केलं की उरलेला आकडा खांद्यावरचा. पोरांना लांब ठेव. जास्त भरला तर आधी मोळ्यांची बुडखी मागं करून बघ, शेंड्यापेक्षा बुडखा जड असतो.