मदत हवी आहे: पीआर (जनसंपर्क) एजन्सीत इंटर्नशिप करताना शेतकऱ्याच्या तोंडी चुकीचा आकडा घातला, आता दुरुस्त कसा करू?

नमस्कार मंडळी,

मी छत्रपती संभाजीनगरला पत्रकारितेचं एम.ए. करते, पहिलं वर्ष. माझं गाव गेवराई तालुक्यात. दुसऱ्या सेमिस्टरला आम्हाला ऑन जॉब ट्रेनिंग असतं, चार क्रेडिटचं, म्हणजे १२० तास. बरोबरीच्या बहुतेकांनी दैनिकं नाहीतर यूट्यूब चॅनेल धरले, मी जालना रोडवरची एक पीआर एजन्सी धरली. एजन्सीचं, कंपनीचं नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. जवळपास ९० तास झालेत. काम मनापासून आवडतंय, म्हणूनच जे झालं ते जास्त लागलंय.

आधी काम काय असतं ते सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. सकाळी दहाला पेपरचा गठ्ठा यायचा. ज्यांचं काम आमच्याकडे आहे त्यांच्या बातम्या शोधायच्या, कात्रणं कापायची, कोऱ्या कागदावर चिकटवून वर पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक घालायचा. मग फूटपट्टीने मोजायचं: किती कॉलम, किती सेंटीमीटर. त्याला त्या पेपरच्या जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि ‘एवढ्या रुपयांची प्रसिद्धी मिळाली’ असं कंपनीला कळवायचं. ही पद्धत धरू नये असं २०१० सालीच बार्सिलोनाच्या परिषदेत ठरलंय, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं. इथे मात्र महिन्याचा अहवाल त्याच आकड्यावर उभा राहतो.

दुपारी प्रसिद्धीपत्रकं लिहायची. यात मी खूप शिकले. पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कुठे, कधी आलंच पाहिजे, कारण जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो. मजकूर युनिकोडमध्ये द्यायचा आणि सोबत पीडीएफही जोडायची. काही ठिकाणी पान अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये लागतं, फॉन्ट बदलताना जोडाक्षरं आणि रफार तुटतात, मग त्यांना पीडीएफ बघून दुरुस्त करता येतं. जिल्ह्याची पानं लवकर सुटतात (छपाईला जातात), म्हणून बीड-जालन्याला चारच्या आत पाठवायचं. फोटोला ओळी नसतील तर फोटो लागतच नाही.

आणि कोट. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी (माझ्या सीनियर) एका उद्योजकाचा कोट मला लिहायला सांगितला. मी विचारलं, ते बोललेच नाहीत तर कसं लिहू? त्या म्हणाल्या, ‘आपण लिहायचं, त्यांना पाठवायचं, त्यांनी वाचून हो म्हटलं की तो त्यांचाच.’ मी लिहिलं. त्या साहेबांनी दोन शब्द बदलले आणि ‘ओके’ पाठवलं. हे मला पटलं होतं, आजही पटतं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे एका कंपनीचं काम आहे, ती पिकांवर फवारायचं जैविक टॉनिक विकते. ते वापरलेल्या शेतकऱ्याची यशोगाथा करायची म्हणून मला अंबड तालुक्यात गोदाकाठच्या एका गावात पाठवलं. काका साठीच्या आसपासचे. ओसरीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावलेली, खरेदी केंद्रावर नंबर लागायची वाट बघत होते. हमीभाव ५,३२८ आणि बाहेर त्याच्या किती खाली मागतात, ते त्यांनी मी न विचारता सांगितलं. काकूंनी चहा दिला, निघताना बळंच हुरडा बांधून दिला. माझ्या वहीत त्यांचं बोलणं जसंच्या तसं आहे: ‘वरच्या दोन एकरात एकरी आठचा उतार पडला. औषिद वाईट नाही. पण खालचं तीन एकर पाण्यात गेलं, त्याला कोणतं औषिद काय करणार?’ सप्टेंबर २०२५ चा पाऊस आणि गोदावरीचं पाणी आपल्या सगळ्यांनाच माहीत आहे.

मी आल्यावर तसंच लिहिलं. मॅडम म्हणाल्या, आठ हा आकडा मथळ्यात चालत नाही. कंपनीच्या पत्रकात प्रात्यक्षिक प्लॉटचा १४ क्विंटलचा आकडा होता, तो घे म्हणाल्या. पुराचं वाक्य विषय सोडून जातं म्हणून काढायला सांगितलं. मी काढलं. आणि लिहिलं: ‘खर्च कमी झाला आणि एकरी १४ क्विंटल उतारा मिळाला, असे त्यांनी सांगितले.’ की-बोर्डवर माझी बोटं होती, हे मी लपवत नाही. काकांना फोन करून वाचून दाखवायला हवं होतं. उद्योजकाला दाखवतो तसं यांनाही दाखवायचं असतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. साडेतीन वाजले होते, पान सुटायचं होतं.

बातमी लागली. तीन कॉलम, फोटोसकट. दुसऱ्या दिवशी मीच ती फूटपट्टीने मोजली. १२ सेंटीमीटर.

चौथ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त जड गेलं. ‘लेकी, म्या कधी म्हणलो चौदा? गावात लोकं विचारायलेत, एकरी चौदा झालं तर पंचनामा कशाला केला म्हणून.’ पुराचं अनुदान त्यांच्या खात्यावर अजून यायचंय. तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रवाल्याने ते कात्रण लॅमिनेट करून काउंटरवर लावलंय. त्यांचा मुलगा म्हणतो, आता विमाही गेला.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दोन दिवसांत लोक विसरतात, तू मनावर घेऊ नकोस. त्या वाईट बाई नाहीत, मला डबासुद्धा देतात. पण मला झोप नाही.

माझे प्रश्न असे. छापून आलेलं आता दुरुस्त होतं का, आणि पेपरला कोणी कळवायचं, मी, एजन्सीने की काकांनी? या बातमीमुळे काकांचं अनुदान किंवा विमा खरंच अडकेल का? प्रमाणपत्रावर एजन्सीची सही लागते, ती नाही मिळाली तर चार क्रेडिट जातील, मग हे रेटायचं कसं? आणि विभागात जो अहवाल द्यायचा त्यात हे लिहू का? घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. वडील स्वतः शेतकरी आहेत, त्यांना काय वाटेल याचीच भीती जास्त आहे.

प्रतिसाद: निवृत्त उपसंपादक, लातूर

ताई, आधी वही जपून ठेवा. पानाचा फोटो काढा, तारखेसकट.

दुरुस्ती होते. रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात ‘खुलासा’ किंवा ‘शुद्धिपत्र’ लागतं. ज्याने प्रसिद्धीपत्रक पाठवलं त्यानेच ‘सुधारित’ असा शेरा मारून त्याच ई-मेलवरून पाठवलं तर काम सगळ्यात लवकर होतं, कारण डेस्कला परत चौकशी करावी लागत नाही. पाल्हाळ नको. तारीख, पान क्रमांक, चुकीचं वाक्य, बरोबर वाक्य. चार ओळींच्या वर गेलं की कोणी लावत नाही. एजन्सी तयार नसेल तर शेतकऱ्याने स्वतःच्या सहीचं पत्र जिल्हा कार्यालयात नेऊन द्यावं आणि पोच घ्यावी. ज्याच्या नावाने छापलं त्याचं म्हणणं छापणं पेपरचं कर्तव्यच आहे. ऑनलाइन आवृत्तीतला आकडाही बदलायला सांगा, कागदावरचं पान रद्दीत जातं, ते जात नाही.

आमचीही चूक यात आहे. डेस्कवर बसून मी अशा यशोगाथा शेकड्याने सोडल्या असतील. सोयाबीन एकरी १४ वाचल्यावर, तेही त्या पावसाच्या वर्षी, एक फोन करायला पाहिजे होता.

प्रतिसाद: गोदाकाठ

मी कृषी खात्यात आहे, पैठण भागात. काकांच्या मुलाला सांगा, घाबरू नको. पंचनामा गटनिहाय होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि आमचा माणूस जागेवर जाऊन करतात आणि ३३ टक्क्यांच्या वर नुकसान असेल तर मदत बसते. खालचे तीन एकर बुडाले हे त्यात नोंदलेलं असेल. वरच्या वावरात आठ झाले काय नि चौदा झाले काय, बुडालेल्या क्षेत्राशी त्याचा संबंध नाही. पेपरच्या कात्रणावर यादीतून नाव काढत नाहीत. अनुदान अडलं असेल तर आधी ई-केवायसी आणि आधार जोडणी बघा, बहुतेकांचं तिथेच अडतं.

विम्याचं म्हणाल तर खरीप २०२५ पासून एक रुपयावाली योजना बंद झाली, शेतकऱ्याचा हिस्सा दोन टक्के झाला आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगाच्या सरासरीवर ठरते. एकट्या शेतकऱ्याने पेपरात काय सांगितलं ते त्या हिशोबात येतच नाही.

पण गावातलं बोलणं खरं आहे, आणि ते वाईट असतं. पंचनाम्याच्या दिवसांत शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवतो. पेपरला लिहायच्या आधी त्यांच्या दारात जाऊन या. फोनवर नको.

प्रतिसाद: पीआरमध्ये १५ वर्षं, पुणे

बाळा, तुझ्या मॅडमनी पहिल्या आठवड्यात तुला बरोबर शिकवलं आणि नंतर स्वतःच विसरल्या. कोट कोणी लिहिला याला आमच्या धंद्यात महत्त्व नाही, ज्याच्या तोंडी घातला त्याने तो वाचला का, याला आहे. माझ्याकडे नवीन मुलं आली की शेतकरी, रुग्ण, विद्यार्थी यांच्या कोटाला मी जास्त कडक असते. साहेबाकडे खुलासा करायला माणसं असतात, या लोकांकडे नसतात.

मॅडमशी बोलताना भावनेने बोलू नकोस, कंपनीच्या जोखमीचं बोल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. शिफारस करणाऱ्याचं मत खरं आणि त्याचं स्वतःचं असावं लागतं, असं त्यात स्पष्ट आहे. पहिल्या वेळी दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. बातमी ही जाहिरात नाही असं त्या म्हणतील. पण तेच कात्रण दुकानात माल विकायला लावलं, कंपनीने फेसबुकवर टाकलं, की मग ते जाहिरातीसारखंच काम करतं. हे ई-मेलवर लिही, तोंडी नको. आणि ‘तुम्ही सांगितलं’ असं न लिहिता ‘आपल्याकडून गेलेल्या मजकुरात आकडा चुकला आहे, वहीतली नोंद सोबत जोडली आहे’ असं लिही.

सही थेट मागू नकोस. विभागातल्या मार्गदर्शक शिक्षकांना आजच सांग. ही ट्रेनिंग विद्यापीठाची आहे, तू एकटी नाहीस. अहवालात नक्की लिही, नावं गाळून.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. आठ दिवसांनी लिहितेय.

गोदाकाठ दादांनी सांगितलं तसं आधी गावी गेले. एसटीने अंबड, पुढे वडापने. काकांना सगळं सांगितलं, आकडा कुठून आला, वाक्य कोणी काढलं, टाइप कोणी केलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकू म्हणाल्या, ‘पोरगी चालत आली ना दारात.’ विमा आणि अनुदानाचं त्यांच्या मुलाला समजावलं. केवायसी खरंच राहिली होती, ती करायला तो त्याच दिवशी सेतूवर गेला.

मग ओसरीत बसून मी खुलासा लिहिला आणि काकांना वाचून दाखवला. ‘एकरी ८ क्विंटल उतारा मिळाला’ यावर त्यांनी थांबवलं. ‘वरच्या वावरात असं घाल. नुसतं आठ लिहिलं तर पुन्हा पाचही एकराचं धरतील.’ घातलं. खालचं तीन एकर पाण्यात गेल्याचं वाक्यही त्यांनी घालायला लावलं. पुन्हा पूर्ण वाचून घेतलं आणि मग सही केली.

परत आल्यावर विभागातल्या मार्गदर्शक सरांना सांगितलं आणि त्यांच्या समोर बसूनच मॅडमना ई-मेल केला, पुण्याच्या ताईंनी सुचवलेल्या शब्दांत. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एजन्सीच्या ई-मेलवरून ‘सुधारित’ म्हणून तो मजकूर गेला, काकांच्या वाक्यासकट. काल पान पाचवर खाली सहा ओळी लागल्यात. ऑनलाइनचा आकडाही बदलला. कृषी सेवा केंद्रातलं कात्रण मात्र अजून तिथेच आहे, काकांचा मुलगा उद्या ही नवी बातमी घेऊन तिथे जाणार आहे.

मॅडम माझ्याशी कामापुरतंच बोलतात. २२ तास राहिलेत. प्रमाणपत्राचं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. सर म्हणाले, हजेरीच्या नोंदी आणि ई-मेल जोडून अहवाल दे, पुढचं आम्ही बघू. रात्री वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, काकांचं सोयाबीन गेलं का केंद्रावर? मी विचारायचंच राहिलं होतं. आज सकाळी फोन लावला. अजून नंबर लागलेला नाही.