मदत हवी आहे: पोनी सिलिंडर (स्कूबा डायव्हिंगमधली छोटी राखीव टाकी) किती लिटरचा घ्यावा, कुठे बांधावा?

खोलपाणी:
पाण्याखाली फोटो काढताना बडी (जोडीदार डायव्हर) आणि मी बरेचदा लांब पडतो. कमाल खोली ३० मीटर, डीकंप्रेशन (वर येताना सक्तीचे थांबे) नाही. मुख्य टाकी ११.१ लिटरची, २०७ बार. ऑक्टोपस (श्वास घ्यायचा जादा माउथपीस) आहे, पण तो त्याच टाकीवर आणि त्याच फर्स्ट स्टेजवर (टाकीवरचा, दाब कमी करणारा भाग). म्हणून वेगळी राखीव हवा हवी आहे. पर्याय तीन: हातात मावणारी ८५ लिटर हवेची बाटली, ३ लिटरचा पोनी किंवा ५.७ लिटरचा. तो पाठीवर टाकीला बांधावा की बाजूला लटकवावा? आणि व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा की बंद?

प्रवाळ:
आधी हिशेब करा, मग खरेदी. घाबरलेल्या अवस्थेत श्वास मिनिटाला ३० लिटर धरा. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे मिनिटाला १२० लिटर.

तळाशी सावरायला एक मिनिट: १२० लिटर. मिनिटाला ९ मीटर वेगाने ५ मीटरपर्यंत: सुमारे २३०. तिथे सेफ्टी स्टॉप म्हणून ३ मिनिटं थांबा: १३५. शेवटचे ५ मीटर सावकाश, एका मिनिटात: ४० धरा. एकूण साधारण ५२५ लिटर.

८५ लिटरची बाटली ३० मीटरवर चाळीसेक सेकंदांत संपते. १० मीटरवरून न थांबता वर यायला ५० लिटर लागतात, तिथपर्यंत ती ठीक. तुमच्या खोलीसाठी बादच करा.

३ लिटरचा पोनी २०० बारला ६०० लिटर देतो. शेवटचे दहाएक बार रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) नीट देत नाही, ते वजा करून ५७०. म्हणजे काठावर पास. भरताना १७० बारच भरला तर हातात ४८० उरतात आणि सेफ्टी स्टॉप अर्धवट राहतो. ५.७ लिटरचा भरपूर, पण रिकामाच सुमारे ७ किलो. कॅमेऱ्यासोबत अवजड होतो. मी ४ लिटरच्या आसपासचा सुचवेन, ३० क्युबिक फूट म्हणून मिळतो. आणि ही हवा डाइव्हच्या नियोजनात अजिबात मोजू नका.

निळाई:
डाव्या बाजूला लटकवा, वरच्या आणि खालच्या डी-रिंगला (D आकाराच्या कडीला) बोल्ट स्नॅपने (खिट्टीच्या हुकाने). गेज आणि व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर राहतात. पाठीवर बांधलात तर गळती कळत नाही आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही.

व्हॉल्व्हबद्दल मतभेद आहेत. माझं मत: पूर्ण उघडा. श्वास नसताना आणखी एक काम नको. सेकंड स्टेजला (रेग्युलेटरचा तोंडात धरायचा भाग) नॉब असेल तर तो घट्ट करा, माउथपीस खाली तोंड करून रबरी दोरीत अडकवा, म्हणजे फ्री-फ्लोने (आपोआप वाहून) हवा निसटत नाही. पाण्यात उतरण्याआधी पोनीतून दोन-तीन जोरदार श्वास घेत गेज पाहा. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर नाचला, तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे. पृष्ठभागावर हवा येते, खोलवर मात्र गुदमरायला होतं.

सर्वांत घातक चूक वेगळीच. गडबडीत पोनीचाच रेग्युलेटर तोंडात घेऊन उतरायचं, आणि तो खोलवर संपला की मुख्य टाकीच संपली असं वाटायचं. पोनीच्या होजला (नळीला) वेगळा रंग द्या. उतरल्यावर दोन-तीन मिनिटांनी दोन्ही गेज पाहा: मुख्य टाकीचा काटा उतरलेला हवा, पोनीचा जागच्या जागी.

खोलपाणी:
हिशेब पटला, ४ लिटरचाच बघतो. मुख्य टाकी संपली तर बीसीडी (तरंगायला मदत करणारं हवेचं जॅकेट) फुगवायला पोनीवर वेगळा इन्फ्लेटर होज (त्यात हवा भरणारी नळी) लागेल का?

प्रवाळ:
तुमच्या डाइव्हसाठी गरज नाही. मुख्य टाकी संपली की इन्फ्लेटरचं बटण काम करत नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. तळ सोडताना फिन मारून निघा. वर येताना बीसीडीतली हवा आपोआप फुगते, ती सोडतच यावं लागतं. पृष्ठभागावर तोंडाने फुगवा, तरंगता येत नसेल तर वजनं टाका.

रेग्युलेटर बदलताना श्वास रोखू नका, बारीक बुडबुडे सोडत राहा. पोनीचा रेग्युलेटर तोंडात घेतल्यावर फुंकून पाणी काढा. फुंकायला हवाच नसेल तर जिभेने तोंड अडवून पर्ज बटण (हवेच्या झोताने पाणी बाहेर टाकणारं) दाबा, मग पहिला श्वास हळू घ्या. हे तरणतलावात मास्क काढूनही जमेपर्यंत करा. कॅमेरा तोवर घरी.