मदत हवी आहे : त्रिपुरी पौर्णिमेला पणत्यांच्या उजेडात छायाचित्रे कशी काढावीत?

नमस्कार मंडळी,

वाईजवळच्या आमच्या गावी त्रिपुरी पौर्णिमेला महादेवाच्या देवळात दीपमाळ पेटते, आवारभर पणत्या मांडतात आणि बायका तुपात भिजवलेल्या त्रिपुरवाती देवापुढे लावतात. त्या वेळी विजेचे दिवे मालवायची पद्धत आहे, आणि माझी अडचण नेमकी तिथेच सुरू होते. गेल्या वर्षी मी दीडशेच्या वर छायाचित्रे काढली. भिंतीवर लावावे असे त्यांत एकही निघाले नाही.

माझा डीएसएलआर क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा आहे. त्याच्याबरोबर आलेल्या १८-५५ लेन्सचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे) ५५ वर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र आपण ठरवायचे, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो) आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ठेवूनही कॅमेऱ्याने शटर १/८ सेकंदच दिले. आई वात लावायला वाकली तो क्षण मला हवा होता. त्या छायाचित्रात ज्योतीच्या जागी पांढरा ठिपका आहे, आईचा चेहरा हलला आहे, हिरवे लुगडे तपकिरी दिसते आणि मागे अंधारात पडलेली चपलांची रास मात्र लख्ख आली आहे. फ्लॅश एकदाच वापरला. पणत्यांचा उजेड त्यात पार पुसला गेला आणि गुरवांनी वळून पाहिले ते वेगळेच. पायांत पोरे घुटमळत असल्यामुळे ट्रायपॉड लावता येत नाही.

यंदा एका मित्राची ५० मिलिमीटर, एफ १.८ लेन्स मिळणार आहे. तेवढ्याने काम भागेल का, की माझ्या पद्धतीतच काही चुकते आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

तुमच्या चपलांनीच उत्तर दिले आहे. डोळ्यांना जी रास धड दिसतही नव्हती ती छायाचित्रात लख्ख आली, याचा अर्थ कॅमेऱ्याने चौकटीतला सगळा काळोख आणि काळा पाषाण मोजून, हे दृश्य फारच अंधारे आहे असे मानले आणि ते उजळण्यासाठी शटर गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवले. ज्योतीचा पांढरा ठिपका झाला तो त्यामुळे, आणि चेहरा हलला तोही बऱ्याच अंशी त्यामुळेच. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे एकवर, म्हणजे निम्म्या प्रकाशावर न्या, किंवा सरळ मॅन्युअलवर जाऊन चेहऱ्यापुरता उजेड मोजा. मागचा अंधार अंधारच राहू द्या.

लेन्सचा फायदा नक्की होईल. एफ ५.६ वरून एफ २ वर आल्यास सुमारे आठपट प्रकाश आत येतो, म्हणजे त्याच आयएसओला १/८ चे १/६० होते. शिवाय उणे एक धरले तर आयएसओ ३२०० पुरेल. वाकलेल्या माणसाचा चेहरा १/६० ला बहुतेक वेळा स्थिर येतो. लेन्समधली कंपनरोधक सोय तुमचा हात सावरते, समोरच्याची हालचाल नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

खरी किल्ली मात्र अंतरात आहे. छोट्या ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. त्यामुळे आई वातीवर ओणवी असते, तेव्हाच चेहरा उजळतो. सरळ उभी राहिली की तिथे उजेड उरत नाही. आधीच समोर बसून वाट पाहावी. लुगड्याच्या रंगासाठी रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) ठेवा. दिव्याची ज्योत सुमारे १९०० केल्विनची, म्हणजे फार नारिंगी असते, तिथे ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवण्याची सोय) गोंधळतो. नारिंगी छटा नंतर थोडी कमी करावी, पुरती काढू नये; काढली तर ट्यूबलाइटखाली बसल्यासारखे दिसते.

दीपमाळेसाठी पूर्ण रात्र होईपर्यंत थांबू नका. कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतरच्या दहा ते पंचवीस मिनिटांत आकाश गडद निळे असते आणि पणत्यांशी त्याचा मेळ बसतो. पौर्णिमा असल्यामुळे त्याच सुमारास चंद्र पूर्वेला वर येत असतो, तेव्हा दीपमाळेच्या पश्चिमेला उभे राहावे. ट्रायपॉड नसला तरी पाराच्या कट्ट्यावर कॅमेरा टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावून आयएसओ ४०० वर काम होते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल मित्राची लेन्स आणून स्वयंपाकघरात दिवा मालवला आणि आईला समईजवळ बसवले. एफ २, १/६०, आयएसओ ३२०० : ज्योतीला आकार आला, चेहरा हललेला नाही. परंतु फोकस ज्योतीवर बसला आणि डोळे मऊ आले. एफ २.८ वर जावे का?

प्रतिसाद

एक मीटरवरून एफ २ ला जेमतेम तीन सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते, म्हणून हे होते. एफ २.८ वर ती चारच्या पुढे जाईल, पण प्रकाश निम्मा होईल. त्याऐवजी मधला एकच फोकस बिंदू निवडून तो ज्योतीकडच्या डोळ्यावर ठेवा. ज्योत थोडी धूसर आली तर चालते.