पहिल्यांदा सुया टोचून घ्यायला जाताय? आधी हे वाचा (आणि भांडा)

कलमवाला:
यंदा आंबा उतरवताना कंबर धरली. दिवसभर मान मागे टाकून घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, वर धरायची, वर भरलेल्या पेट्या टेम्पोत चढवायच्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या आणि व्यायाम. गोळ्यांनी पित्त खवळलं. शेवटी रत्नागिरीला ॲक्युपंक्चर सुरू केलं. पाच खेपा झाल्या, दुखणं निम्म्यावर आलंय. दोघातिघांनी विचारलं म्हणून इथेच लिहितो.

इंजेक्शनची सुई डोळ्यांसमोर आणू नका. ती पोकळ असते, ही भरीव आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. आत जाताना मुंगी चावल्यासारखं वाटतं. मग आतून जडपणा येतो. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात टोचली तेव्हा माझा हात कोपरापर्यंत भरून आला. चिनी वैद्य त्याला 'द ची' म्हणतात. सुई टोचायचा नेमका बिंदू लागल्याचं हे लक्षण, असं त्यांचं मत. वीसेक मिनिटं गुपचूप पडून राहायचं.

सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा आणि वापरलेल्या सुया डब्यात जाताना बघा, लाजू नका. उपाशी तर अजिबात जाऊ नका. दुसऱ्या खेपेला मी पहाटेची एसटी पकडून नुसत्या चहावर गेलो आणि टेबलावर घेरी आली. सुया काढून, पाय वर करून, साखरपाणी पाजलं तेव्हा भानावर आलो. किती खेपा लागतील आणि फरक नाही पडला तर कधी थांबायचं, हे पहिल्याच दिवशी विचारा. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ही विद्या भारतात आणली, तिला अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांची कीव येते.

खाडीपलीकडे:
कीव नंतर करा, आधी इतिहास नीट लावा. कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. ते परत आलेच नाहीत, तर आणतील काय? त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन शिकून आले.

आता कंबर. जर्मनीतला मोठा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रुग्ण, तीन गट. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्क्यांना गुण आला. दुसऱ्या गटाला भलत्याच जागी वरवर सुया टोचल्या होत्या, तिथे ४४.२ टक्के. म्हणजे बिंदू कुठेही धरा, फरक जवळजवळ नाही. मग दवाखान्याच्या भिंतीवर बिंदू दाखवणारा तो रेघारेघांचा माणूस कशासाठी टांगलाय? शिवाय अशी नुकती धरलेली कंबर बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप सुटते. तुमचा आंबाही त्याच सुमारास संपला.

कलमवाला:
तिसरा गट सोयीस्कर गिळलात की! गोळ्या-व्यायामाच्या नेहमीच्या उपचारांत फक्त २७.४ टक्के. मला बिंदू खरा की खोटा याच्याशी देणंघेणं नाही. सकाळी वाकून बूट घालता येतो की नाही, एवढंच बघतो.

खाडीपलीकडे:
ज्याला सुया मिळाल्या नाहीत त्याला ते ठाऊक होतं ना! मन खट्टू झालेला माणूस 'बरं वाटतं' कसं म्हणेल?

पाठीचा_कणा:
फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा दोन्हीकडून शिव्या खायची तयारी आहे. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं आणि २०१६ मध्ये काढून टाकलं. अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणून मात्र तिच्याच २०१२ च्या सूचनांत दहापर्यंत खेपा आहेत. म्हणजे प्रश्न 'चालतं का' नाही, 'कशासाठी' हा आहे. मधुमेह बरा करतो, गाठ विरघळवतो म्हणणाऱ्याच्या पायऱ्या उतरून घरी या. पोटुशी असाल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल तर सुई लागण्याआधी सांगा. काही ठिकाणी सुयांना हलकी वीज जोडतात, ती पेसमेकरवाल्यांनी घेऊ नये. छातीजवळ सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. क्वचित होतं, पण होतं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारली तर कुणाला राग यायचं कारण नाही.

तिरफळ:
सुयेचा रवांदे, पुडयेचा बोला. माझ्या मावशेक गुडघ्यासाठी सुये टोचल्यानी, वर चिनी पुडये दिल्यानी. आत काय हा, ता लिवलेला नाय. तिका रक्त पातळ करूची गोळी चालू, ती कोणी इचारूकच नाय. पंधरा दिवसात दंडार निळे डाग. आमच्या डॉक्टरान पुडये बंद केल्यानी नि आमका सगळ्यांका झाडल्यान.

सड्यावरचा:
तिरफळताई, मावशी थोडक्यात सुटल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यातल्या बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या. त्यात एका मुळीच्या जागी भलतीच, ॲरिस्टोलोकियाची मुळी गेली होती. अनेकींची मूत्रपिंडं कायमची गेली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हे फक्त चिन्यांचं म्हणून हसू नका. आपल्या रानातली सापसण, जिला ईश्वरी म्हणतात आणि विषावर उगाळून देतात, ती त्याच कुळातली.

काही सुयावाले सुयांसोबत एका वनस्पतीची धुरी देतात, ती मात्र आपल्या देवाला वाहतो त्या दवण्याची चुलत बहीण. पेटवून त्वचेजवळ धरतात, ऊब छान वाटते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी तिथे धरू देऊ नये, भाजलेलं कळत नाही.

कलमवाला:
पुड्या मीही घेतल्या नाहीत. पण दवण्याच्याच गोतातल्या चिनी वनस्पतीतून मलेरियाचं औषध निघालं आणि थू यूयू बाईंना २०१५ चं नोबेल मिळालं, हेही सांगा की.

खाडीपलीकडे:
सांगतो. जुन्या ग्रंथात त्यांना इशारा सापडला, मान्य. पण उकळून काढलेला अर्क धड लागू पडेना, म्हणून कमी उष्णतेवर ईथरमध्ये काढला, आधी उंदीर-माकडांवर आणि मग स्वतःवर तपासला. ते नोबेल त्या तपासण्याला आहे. तुमच्या सुयावाल्याने काय तपासलं?

कलमवाला:
माझी कंबर! बरं, तुमच्याच मापाने मोजू. सहावी खेप रद्द करतो. पाऊस लागला की लावणी आहे, आठ दिवस चिखलात वाकायचं. तेव्हा दुखलं तर तुम्ही म्हणता तसं आपोआप सुटलेलं नव्हतं.

खाडीपलीकडे:
एका माणसावरून काही ठरत नाही. पण कळवा.

तिरफळ:
ह्यो खंयचो लावणेक उतरतलो! गडी उतरतले, ह्यो बांधार छत्री घेवन उभो रवतलो. आणि कंबर दुखाक नाय म्हणान हयसर लिवतलो.

कलमवाला:
ताई, तुम्ही आमच्या वाडीतल्या तर नव्हे?