ओआरच्या (ऑपरेशन्स रिसर्चच्या) पेपरला लॅपटॉप? माझा विरोध

गिरणाकाठ:
परवा इथे एकाने लिहिलं, "बिग-एम हाताने करायला लावणं म्हणजे पोरांकडून खडी फोडून घेणं. पेपरला लॅपटॉप द्या, सॉल्व्हर लावू द्या." खाली नुसत्या टाळ्या. (बिग-एम म्हणजे ≥ सारख्या अटींची गणितं तक्ते मांडून सोडवायची पद्धत, सॉल्व्हर म्हणजे तेच उत्तर काढणारं सॉफ्टवेअर.) मी जळगावला एम.एस्सी.ला ओआर, म्हणजे अटींत बसवून कमीत कमी खर्च किंवा जास्तीत जास्त नफा काढायचं गणित, शिकवतो, म्हणून राहवत नाही.

गेल्या सत्रात लॅबमध्ये वाहतूक खर्चाचं गणित दिलं होतं. एका मुलाने एक्सेलमध्ये सॉल्व्हर चालवला. सगळीकडे शून्य, एकूण खर्चही शून्य! पोरगं खूश, शेजारच्याला दाखवतंय. मागणीच्या अटीत ≥ च्या जागी ≤ टाकलं होतं. कुणाला काही पुरवायचंच नाही म्हटल्यावर सगळ्यात स्वस्त काय? गाडीच न काढणं. सॉल्व्हर बिचारा बरोबरच होता. ज्याने चार तक्ते हाताने ओढलेत, त्याला ≥ दिसलं की सरप्लस (जादाचा) चल वजा, आर्टिफिशियल (तात्पुरता) चल अधिक हे हातातच बसलेलं असतं. तो तिथेच थबकतो.

भुसावळ_यार्ड:
सर, राग मानू नका, पण तो मुलगा तुमच्यामुळे चुकला. पेपरात काय असतं? "खालील एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंगचं गणित) सोडवा." चिन्हं तुम्हीच छापून देता. अट कुठून आली हे त्याला कधी विचारलं?

माझे वडील रेल्वेत रनिंग स्टाफला होते, म्हणजे गाडीवर ड्युटी. ड्युटीचे तास किती झाले, विश्रांती पुरी झाली का, परतीची गाडी कोणती, हे आमच्या घरात जेवताना चालायचं. वर्गात गेलो तर चार माणसं, चार कामं, कोणाला कोणतं द्यायचं ते काढायची हंगेरियन पद्धत, शून्यांवर रेघा मारा. यार्डात राहणाऱ्या पोरालाही कळलं नाही की हे आपल्याच घरातलं आहे.

आणि हाताचं कौतुक करता, तर अर्थतज्ज्ञ स्टिगलरचं सगळ्यात स्वस्त पोषक आहाराचं गणित आठवा. ९ अटी, ७७ पदार्थ. १९४७ मध्ये सिम्प्लेक्सने (बिग-एम ज्याच्यावर उभा आहे ती मूळ पद्धत) सोडवायला हातयंत्रांवर ९ कारकून आणि १२० मनुष्यदिवस लागले. तेच शिकवायचंय का?

गिरणाकाठ:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. स्टिगलरने त्याआधीच डोकं चालवून वर्षाला ३९.९३ डॉलर काढले होते. खरं उत्तर आलं ३९.६९. फरक २४ सेंटांचा! ती नजर बटण दाबून येते?

भुसावळ_यार्ड:
बिग-एमनेही आली नव्हती सर. तेव्हा बिग-एम होता कुठे?

धुळे_तासिका:
मांडणी शिकवा म्हणणाऱ्यांनो, शिकवणार कोण? मी तासिका तत्त्वावर. मानधन सत्र संपल्यावर, कधी त्याच्याही नंतर. सकाळी एका तालुक्याला, दुपारी दुसऱ्या. तपासायला सोपा म्हणून मीही वाहतुकीच्या गणितातल्या व्होगेल पद्धतीचाच प्रश्न घालतो. बोला काय म्हणायचं ते. बाकी यार्डवाल्या भाऊचं बरोबर शे.

केळीबाग_रावेर:
मी शेतकरी, पण पोरीची वही पाहिली म्हणून लिहितो. गणित केळीचंच होतं. रावेर, यावल, चोपड्याहून माल, तीन बाजारपेठा. माल जास्त, मागणी कमी. मग काय केलं, तर उरलेल्या मालासाठी एक 'डमी' (खोटी) बाजारपेठ धरली, खर्च शून्य. भो, न उचललेल्या केळीचा खर्च शून्य? गाडी आली नाही तर घड झाडावर पिकतो, वावटळ आली तर बाग आडवी. जाहीर भाव एक, हातात पडतो दुसरा, वर वजनात कटती. ती कोणत्या कॉलममध्ये धरता?

चोपडा_कटाई:
कटतीचं नावच काढलं! बऱ्हाणपूरला लिलावात काय भाव निघाला ते मोबाईलवर दिसतं, इथे व्यापारी म्हणतो माल हलका आहे. हलका होता तर उचलला कशाला?

ट्रकभाडे:
मी व्यापारात आहे, शिव्या खायला तयार आहे. उत्तरेत गाडी पोचेपर्यंत घड काळे पडतात, तिकडचा आडत्या कापतो ते कोण भरतं? डिझेल कोण भरतं?

चोपडा_कटाई:
शेतकरी! दोन्ही वेळेला शेतकरीच भरतो.

गिरणाकाठ:
धागा ओआरचा आहे, बाजार समितीचा नाही. रावेरच्या दादांना उत्तर देतो. डमीत शून्यच धरायचं असा नियम नाही, नासाडीचा दंड धरता येतो. मात्र सगळ्या गावांना सारखाच दंड लावला तर वाटप तेच राहतं, नुसता एकूण खर्च वाढतो. गावागणिक वेगळा धरला तर वाटप बदलू शकतं. पुस्तकात हे असतं.

केळीबाग_रावेर:
असतं ना? मग पोरीला का नाही शिकवलं?

गिरणाकाठ:
पेपरात येत नाही.

भुसावळ_यार्ड:
घ्या! तीन दिवस हेच तर सांगतोय. आता लॅपटॉपवर खडी फोडायची की हाताने, एवढाच वाद उरला.

गिरणाकाठ:
टोमणे पुरे. पुढच्या अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न नुसत्या मांडणीचा ठेवतो, उत्तर काढायचंच नाही. लॅबला सॉल्व्हरही चालेल. पण तीन चलांपर्यंत सिम्प्लेक्स हातानेच, तिथे मी हटणार नाही.

धुळे_तासिका:
आणि त्या मांडण्या तपासणार कोण? एकाच तासिकेच्या पैशात?

केळीबाग_रावेर:
आकडे मी देतो सर, माझ्याच बागेचे. फक्त कटतीचा कॉलम ठेवा.

ट्रकभाडे:
ठेवा. शेजारी बुडीत उधारीचाही ठेवा.

चोपडा_कटाई:
उधारी कोणाची बुडाली ते सांगू का इथेच?