कीबोर्ड कापून घरच्या घरी जादा बटणं बसवणे : हौस, गरज की नसती उठाठेव?

डायोडराव

मंडळी, काडी टाकतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे साधा १०४ बटणांचा मेकॅनिकल गेमिंग कीबोर्ड आहे, निळे स्विच, टकटक आवाज करणारे, घरच्यांच्या शिव्या खाणारे. नमपॅडच्या वर उजव्या कोपऱ्यात कॅप्सलॉकचे दिवे असतात ना, तिथे नुसतं रिकामं प्लास्टिक होतं, ते कापून चार बटणं बसवली आणि डाव्या कडेला टॅब-कॅप्स-शिफ्टच्या शेजारी पट्टी जोडून तिच्यावर पाच. आत प्रो मायक्रो नावाच्या छोट्या यूएसबी कंट्रोलर बोर्डाचा क्लोन, नऊ बटणांच्या नऊ वायरी थेट नऊ पिनांना आणि सगळ्यांचं दुसरं टोक एकत्र करून ग्राउंडला. त्यात क्यूएमके हे कीबोर्डाचं फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) टाकलं, बटणांना एफ१३ ते एफ२१ दिले, झालं काम. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, गाडी एफ१२ वर थांबत नाही, यूएसबीच्या बटणांच्या यादीत एफ२४ पर्यंत आहेत आणि विंडोज ती ओळखतं, फक्त आजकालच्या कीबोर्डांवर ती छापलेली नसतात. आयबीएमच्या जुन्या १२२ बटणांच्या टर्मिनल कीबोर्डवर होती. फायदा असा की ती कुठल्याच शॉर्टकटच्या आड येत नाहीत. म्यूट, ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरचा सीन बदलणे, रेकॉर्डिंग चालू-बंद, सगळं एका बोटावर.

आता वादाचा मुद्दा. लॉजिटेकच्या जी१५ ला २००५ मध्ये १८ जादा जी-बटणं होती, पुढच्या आवृत्तीत ६ राहिली. कोर्सेअरच्या के९५ चं तेच, आधी १८, मग प्लॅटिनममध्ये ६. आणि आता तर नमपॅडसुद्धा काढून घेतात, वर तोच कीबोर्ड 'कॉम्पॅक्ट' म्हणून महाग विकतात आणि बटणं हवी असतील तर वेगळा मॅक्रोपॅड (जादा बटणांची छोटी पाटी) घ्या म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की ज्याला सोल्डर करता येतं त्याने हे पैसे देऊ नयेत. आहे तो कीबोर्ड उघडा आणि बटणं बसवा.

लेयरपंथी

हौस म्हणून ठीक, सल्ला म्हणून साफ असहमत.

मुळात जास्त बटणं म्हणजे जास्त सोय हे गृहीतकच चुकीचं आहे. बोट जिथे टेकलेलं असतं तिथलं बटण कामाचं, बाकी सगळी शोभा. तुमची नमपॅडच्या वरची चार बटणं दाबायला माऊसवरचा हात उचलावा लागणार, आणि शूटर गेममध्ये माऊसवरचा हात उचललात की तुम्ही गेलात. त्यापेक्षा लेयर वापरा. कॅप्सलॉक आयुष्यात कोण वापरतं? तो धरला की डाव्या हाताखालची पंधरावीस बटणं दुसरं काम करायला लागतात, ना कापाकापी ना धूर. मी ६० टक्केवाला कीबोर्ड वापरतो, ६१ बटणं, काहीही अडत नाही.

डायोडराव

लेयरपंथी, वरची चार गेमसाठी नाहीतच, ती स्ट्रीम आणि रेकॉर्डिंगची. गेमची पाच डाव्या कडेला आहेत, करंगळीच्या टप्प्यात.

आणि लेयरचं कौतुक ऐकून कान किटले. एकच बटण दाबलं तर एक काम, धरलं तर दुसरं, असं केलं की फर्मवेअरला ठरवायला वेळ लागतो, क्यूएमकेत ही मुदत मुळात २०० मिलिसेकंद असते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तेवढ्यात २८ फ्रेम निघून जातात. शिवाय डाव्या हाताची तीन बोटं चालायच्या डब्ल्यू-ए-एस-डी बटणांवर, अंगठा स्पेसवर, करंगळी शिफ्टवर. कॅप्स धरायला सहावं बोट कुठून आणू?

लेयरपंथी

मग दोन कामं देताच कशाला? कॅप्सला नुसतं 'धरलं की लेयर' एवढंच द्या, दाबून सोडायचं काम देऊच नका. फर्मवेअरला ठरवायचं काही उरतच नाही, मुदत शून्य. हे क्यूएमकेच्या पहिल्या पानावरचं ज्ञान आहे राव. करंगळीचं म्हणाल तर तुमची पाच बटणं दाबायलाही तीच करंगळी शिफ्टवरून उचलणार ना?

डायोडराव

उचलणार, पण दाबून परत येणार, धरून बसणार नाही. आणि क्यूएमके माझ्या मूळ कीबोर्डात जातच नाही, त्यातली चिप बंद पेटी आहे. लेयर करायचे तर नवा कीबोर्ड घ्या नाहीतर विंडोजमध्ये ऑटोहॉटकी हा बटणांची कामं बदलणारा प्रोग्राम चालवा, आणि काही गेम्सचे अँटीचीट (लबाडी पकडणारे प्रोग्राम) ऑटोहॉटकी चालू दिसलं की लगेच डोळे वटारतात.

कोकणकन्या_टायपते

मी दोघांच्याही विरोधात 😄

बटणं हवीत हे मान्य पण ती कीबोर्डातच का? तीच नऊ बटणं, तोच प्रो मायक्रो, एका छोट्या डबीत घाला. डबी हवी तिकडे सरकवता येते, कीबोर्ड बदलला तरी कामाला येते, आणि चांगल्या कीबोर्डाची वॉरंटी पण जात नाही. तुम्ही प्लास्टिक कापलंत, उद्या कीबोर्ड मेला तर तुमची बटणं पण त्याच्याबरोबर सती जाणार का? आणि एक सांगा, प्रो मायक्रोची यूएसबी वायर बाहेर कुठून काढलीत? दोन वायरी लोंबत असतील तर 'एकसंध' कसला, ते दोन कीबोर्डच झाले, एकमेकांना चिकटवलेले.

डायोडराव

ताई, वायरीचा मुद्दा बिनतोड आहे, सध्या दोन निघतात. आत छोटा यूएसबी हब टाकून एकच करता येते, जागा आहे. पण डबी टेबलावर सरकत राहते हा माझा अनुभव आहे, ऐन वेळी हात जातो तिथे ती नसतेच. कीबोर्डात बसलेलं बटण आज जिथे आहे तिथेच उद्या, बघावं लागत नाही.

कोकणकन्या_टायपते

डबीला खालून दुहेरी चिकटपट्टी लावायची. हाकानाका.

मॅट्रिक्सकाका

धागाकर्त्याचं नाव डायोडराव आणि अख्ख्या कामात डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) एकही नाही! (हलके घ्या.)

नऊ बटणांना नऊ पिना दिल्या म्हणून डायोड लागले नाहीत, ते बरोबरच आहे, प्रो मायक्रोवर १८ पिना मिळतात, त्यामुळे तेवढ्या बटणांपर्यंत जाळं विणायची गरज नाही. पण याला मी कीबोर्डात बदल म्हणणार नाही. कोकणकन्या म्हणतात तसं हे शेजारी बिऱ्हाड झालं. खरी मजा मूळ जाळ्यात शिरण्यात आहे.

थोडक्यात सांगतो. कीबोर्डात १०४ बटणांना १०४ वायरी नसतात. आडव्या-उभ्या रेषांचं जाळं असतं, बटण म्हणजे दोन रेषांची फुली. समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या, म्हणजे १२८ फुल्या, त्यातल्या १०४ वापरल्या, उरल्या २४ रिकाम्या. कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डातली चिप, एकेक रेषा तपासत जातो आणि रिकाम्या फुल्यासुद्धा तपासतोच. आता तिथे एक स्विच आणि एक डायोड जोडला की झालं बटण, दुसरी यूएसबी नाही, दुसरी चिप नाही. डायोड १एन४१४८, रुपया-दोन रुपयांना मिळतो. तो का, तर जाळ्यातल्या एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की वीज उलट्या वाटेने फिरून येते आणि न दाबलेलं चौथं बटणही दाबल्यासारखं दिसतं. डायोड ती उलटी वाट बंद करतो. तोही मूळच्या डायोडांच्याच दिशेने लावायचा, काळी रेघ कुठल्या बाजूला आहे ते बघून.

अडचण एकच, त्या फुलीला फर्मवेअरने कोड दिलेला पाहिजे. काही बोर्डांत दिलेला असतो, कारण तोच कंट्रोलर युरोपातल्या १०५ बटणांच्या आणि जपानी लेआउटच्या कीबोर्डातही घालतात. मोकळी वायर डायोडसकट दोन रेषांना टेकवायची आणि स्क्रीनवर काय उमटतं ते बघायचं. काही उमटलं तर लॉटरी, नाही तर चिपच बदला. मेंब्रेन कीबोर्डवाल्यांनी या वाटेला जाऊ नये, त्या प्लास्टिकच्या पापुद्र्यावर सोल्डर बसत नाही, तो वितळतो.

लेयरपंथी

म्हणजे एवढी सगळी लॉटरी खेळून शेवटी हातात जपानी लेआउटचं एक बटण. धन्य.

नगरी_स्नायपर

सगळे वायरीत अडकलेत, गेमचं कोणी बोलतच नाहीये. मला जादा बटणांशी भांडण नाही, त्यांच्यामागे काय लावता त्याच्याशी आहे. धागाकर्ते म्यूट म्हणतात, ठीक, पण ज्याच्याकडे क्यूएमके आहे तो उद्या एका बटणात उडी-फेक-वळण सगळं कोंबणार.

२०२४ चं आठवा. जुलैत रेझर कंपनीने आपल्या कीबोर्डात स्नॅप टॅप आणलं, ए दाबलेलं असताना डी दाबला की ए आपोआप सुटल्यासारखा, म्हणजे काउंटर-स्ट्राइकमध्ये झटक्यात थांबायचं जे कौशल्य लोकांनी वर्षानुवर्षं घासून कमावलं ते फुकट. १९ ऑगस्टला त्या गेमच्या कंपनीने, व्हॉल्व्हने, जाहीर केलं की असलं इनपुट ऑटोमेशन काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर चालणार नाही, सापडलात तर मॅचबाहेर. एकाच बाइंडमध्ये (बटणाला जोडलेल्या आज्ञेत) हालचालीच्या किंवा हल्ल्याच्या एकाहून जास्त क्रिया असतील तर तेही बंद केलं, उडी मारतामारता फेकायचं जंप-थ्रो बाइंड त्यात गेलं. घरी बनवलेल्या बटणाला वेगळा न्याय नाही. हार्डवेअर स्वतः सोल्डर केलं म्हणून ते पवित्र होत नाही.

डायोडराव

शंभर टक्के. एक बटण, एक काम, याच्या पुढे मीही जात नाही. पण हा दोष बटणाचा नाही ना? स्नॅप टॅप तर बिनजादा बटणांच्या, दुकानातून आणलेल्या कीबोर्डात होतं.

नगरी_स्नायपर

दोष बटणाचा नाही पण "सगळ्यांनी करा" म्हणून धागा काढलात की करणारे सगळे तुमच्याइतके सज्जन नसतात. नियमाचा एक परिच्छेद मुख्य धाग्यात टाकायला हवा होता.

ओवी

मी गेमर नाही, भाषांतराचं काम करते, पण या धाग्यामुळे राहवलं नाही. माझ्याकडे भावाने करून दिलेली तीन जादा बटणं आहेत आणि ती कोणी काढून घेतली तर मी उपोषणाला बसेन. एक ॲ, एक ₹, एक झीरो विड्थ जॉइनर (अक्षरांची जोडणी ठरवणारं अदृश्य चिन्ह). इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर) ळ शिफ्ट-एनला आणि ऱ शिफ्ट-जेला मिळतो, हाताला सवय आहे, पण जुन्या इनस्क्रिप्टमध्ये हिंदी पद्धतीचा ऍ आहे, आपला ॲ नाहीच. तो युनिकोडमध्येच २००८ ला आला. दिवसभरात ॲप, ॲक्ट, ॲड किती वेळा येतं ते मोजायलाच नको.

लोकांना वाटतं बटणावर ॲ कोरला की कीबोर्ड ॲ पाठवतो. तसं नसतं. कीबोर्ड फक्त बटणाचा नंबर पाठवतो, अक्षर कुठलं ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणून माझं बटण एफ१३ आहे आणि विंडोजमध्ये ऑटोहॉटकीची एक ओळ एफ१३ ला ॲ करते. मला अँटीचीटची भीती नाही 😀

लेयरपंथी, तुमचं लेयरचं तत्त्वज्ञान ज्यांच्या भाषेला २६ अक्षरं पुरतात त्यांच्यासाठी छान आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टचा मजला आधीच भरलाय आणि ऑल्टचाही अर्धा.

लेयरपंथी

ओवी, तुमची केस वेगळी आहे, तिथे मान्य. गेमिंगबद्दल मत तेच.

सातारी_कानस

कोणी खऱ्या त्रासाबद्दल बोलत नाही म्हणून लिहितो. मी असली कामं लोकांना करून देतो.

स्विचचं भोक १४ बाय १४ मिलिमीटर, दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर १९.०५. इथपर्यंत सगळे वाचून येतात. पण स्विचच्या बाजूच्या खाचा दीड मिलिमीटर जाडीच्या प्लेटला धरतात, आणि कीबोर्डाचं वरचं कवच त्यापेक्षा जाड असतं. भोक अगदी मापात पडलं तरी खाच पलीकडे पोचत नाही, स्विच नुसता उभा राहतो, आणि चार दिवसांनी बटणाची टोपी बदलायला ओढली की टोपीबरोबर स्विचच हातात येतो, वायरीसकट. उपाय दोन. खालच्या अंगाने कडा कानशीने दीडवर आणायच्या, नाहीतर कवचात मोठा चौकोन कापून त्याखाली दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवायची. मी पट्टीवाला आहे. ग्लू गनवाल्यांना माझा नमस्कार, लांबूनच.

दुसरं, प्रो मायक्रोचं मायक्रो यूएसबी सॉकेट नाजूक असतं, वायर दोनदा आडवी ओढली गेली की खालचं तांबं घेऊन उपटतं. टाइप-सीवाला क्लोन घ्या किंवा रास्पबेरी पाय पिको घ्या, तिच्यावर २६ पिना आहेत आणि क्यूएमके चालतं. वायर आतून पक्की बांधा. आणि पहिल्यांदा कॉम्प्युटरला जोडायच्या आधी मल्टीमीटर बीपवर ठेवून ५ व्होल्ट आणि ग्राउंड तपासा, बीप वाजला तर जोडू नका. टोप्या थ्रीडी प्रिंट करत असाल तर स्विचच्या दांडीवरची अधिक चिन्हाची (+) खूण ४ मिलिमीटरची असते, तिच्या भोकात केसभर फरक पडला तरी टोपी एकतर डुगडुगते नाहीतर अशी बसते की निघताना दांडीच मोडते. एम-सीलच्या टोप्या करणारेही बघितलेत. दणकट होतात, दिसतात भयंकर.

कोकणकन्या_टायपते

हे वाचून माझं डबीचं मत अजून पक्कं झालं. डबीला दीड मिलिमीटरचं झाकण आपण पहिल्यापासूनच घेऊ शकतो, कानस नको आणि करवत नको.

सातारी_कानस

डबी सोपी आहेच ताई, मी पण गिऱ्हाइकाला आधी डबीच सुचवतो. पण दहातले सात म्हणतात, नाही, कीबोर्डातच पाहिजे. त्याला इलाज नाही.

डायोडराव

कानस भाऊ, पट्टीची आयडिया उचलली. माझे वरचे चारही ग्लू गनवर आहेत आणि अजून तरी टिकून आहेत, लांबूनच नमस्कार स्वीकारतो. पुण्यात ॲल्युमिनियमची पट्टी तापकीर गल्लीच्या आसपास मापात कापून मिळते का कोणाला माहीत आहे?

मॅट्रिक्सकाका

पट्टी बसवताय तर उघडलाच आहे म्हणून एकदा रिकाम्या फुल्या तपासा की. डायोड मी देतो, नावाला तरी जागा.

नवशिका_९९

लैच भारी धागा, वाचनखूण साठवली. एक शंका, लॅपटॉपच्या कीबोर्डाला हे जमेल का?

सातारी_कानस

नाही.

लेयरपंथी

नाही.

कोकणकन्या_टायपते

डबी घे बाळा.