मदत हवी आहे: 'ब्रांडटाउखर' का बुडाली आणि आतली माणसे कशी वाचली, हे मुलांना प्रयोगातून कसे दाखवावे?

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या विज्ञान मंडळात आठवी-नववीच्या मुलांसमोर मला 'ब्रांडटाउखर' या जर्मनीच्या पहिल्या लष्करी पाणबुडीवर बोलायचे आहे. इतिहासाची जुळवाजुळव झाली आहे. अडले आहे ते प्रयोगांपाशी. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या किंवा नौकाबांधणीशी संबंध असलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. १८४८ ते १८५१ या काळात श्लेसविग-होल्श्टाइन (आजच्या जर्मनीचा उत्तर भाग) आणि डेन्मार्क यांच्यात युद्ध चालू होते आणि डॅनिश आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली होती. ती मोडण्यासाठी विल्हेल्म बाउअर या बव्हेरियातून आलेल्या तोफखान्यातील सैनिकाने पाण्याखालून शत्रूच्या जहाजापर्यंत जाऊन त्याला स्फोटके लावणारी नाव सुचवली. कील येथील श्वेफेल आणि होवाल्ट यांच्या कारखान्यात १८५० मध्ये ती तयार झाली. लांबी साधारण आठ मीटर, लोखंडी पत्र्याचे रिव्हेट मारलेले अंग आणि आत तीन माणसे. त्यांतील दोघांनी पायांनी मोठे चाक फिरवायचे आणि त्यावर मागचा पंखा चालायचा. इंजिन नव्हतेच.

खरी गोम पुढे आहे. बाउअरच्या मूळ आराखड्यात नाव जड करण्यासाठी आत घ्यायचे पाणी वेगळ्या टाक्यांत राहणार होते. पैसा अपुरा पडल्यामुळे टाक्या गाळल्या गेल्या, पत्राही पातळ वापरला गेला आणि पाणी सरळ तळात मोकळे सोडायचे ठरले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी कीलच्या बंदरात नाव खाली जाऊ लागताच ते मोकळे पाणी मागच्या बाजूला धावले, नाव शेपटीकडे कलली, बाहेरच्या दाबाने पत्रा दबून पाणी झिरपू लागले आणि ती तळाला जाऊन बसली. या अपघाताला नुसता 'तांत्रिक बिघाड' म्हणणे मला बाउअरवर अन्याय केल्यासारखे वाटते, कारण जे टाळण्याची तजवीज त्याने कागदावर केली होती, नेमके तेच घडले.

हे दाखवण्यासाठी मी एक मीटर लांबीची पारदर्शक नळी घेऊन, दोन्ही टोके बंद करून, त्यात पाव भाग पाणी भरले आणि ती मधोमध एका आधारावर तोलली. बोटाचा किंचित धक्का लागला की सगळे पाणी एका टोकाला धावते आणि ते टोक धाडकन टेबलावर आपटते. परिणाम उत्तम आहे. आता तशाच दुसऱ्या नळीत आडपडदे बसवून फरक दाखवायचा आहे. मात्र मी बसवलेल्या ॲक्रिलिकच्या चकत्यांच्या कडेने पाणी पाझरते. त्या कशाने चिकटवाव्यात?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. तळाला गेल्यावर नावेतून बाहेर पडायचे झाकण उघडेना, कारण बाहेरून पाण्याचा दाब होता. दहा मीटर खोलीवर हा जास्तीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. म्हणजे पन्नास सेंटिमीटर लांब-रुंद झाकण धरले, तर त्यावर अडीच टनांचा भार येतो. बाउअरने सोबतच्या दोघांना समजावले की पाणी आणखी आत येऊ द्यावे, आतली हवा दबत जाऊन दोन्हीकडचा दाब सारखा झाला की झाकण उघडेल. दहा मीटरांवर यासाठी आतली हवा निम्म्या जागेत दाबली जावी लागते. बुडत्या नावेत पाणी वाढण्याची वाट पाहत तिघे काही तास थांबले. अखेर झाकण उघडले आणि तिघेही जिवंत वर आले.

मुलांना झाकणाचे उदाहरण देताना प्रेशर कुकर चटकन सुचतो, कारण वाफ गेल्याशिवाय त्याचे झाकण निघत नाही हे सर्वांनी पाहिलेले असते. परंतु आत झाकण बसणाऱ्या कुकरमध्ये दाब आतून झाकण घट्ट धरतो, तर येथे तो बाहेरून होता. या उदाहरणाने गोंधळ वाढेल का? तोंड बंद केलेल्या सिरिंजचा दट्ट्या दाबून हवा निम्मी करून दाखवता येते, पण त्यात झाकण उघडण्याचा क्षण दिसत नाही. तो क्षण दाखवणारा, वर्गात करता येण्याजोगा सुरक्षित प्रयोग कोणी केला आहे का?

शेवटी एक शब्दाचा प्रश्न. बॅलास्टसाठी, म्हणजे नाव जड करायला आत घेतलेल्या भारासाठी, 'नीरम' हा जुना दर्यावर्दी शब्द मला आवडतो, पण टाकीत घेतलेल्या पाण्याला तो शोभेल का, की मुलांसाठी 'बॅलास्टची टाकी' असेच म्हणावे?

ही नाव १८८७ मध्ये गाळातून वर काढली गेली आणि आज ती ड्रेस्डेनच्या लष्करी इतिहास संग्रहालयात आहे. बाउअर १८७५ मध्येच वारला होता. ती पुन्हा पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. व्याख्यान पुढच्या रविवारी आहे, म्हणून आडपडद्यांविषयी आधी कोणी सांगितले तर फार उपकार होतील.